मग तुमच्यात मुख्य कोण?

कार्यक्रम संपला की आम्ही व्हायोलिनं पुसून पेट्यांत ठेवत असतो, तेवढ्यात कुणीतरी पुढे येतं. बहुधा गाण्यातले जाणकार काका. "छान झालं हो," म्हणतात, जरा थांबतात, आणि मग विचारतात, "पण तुमच्यात मुख्य कोण?" मी काही बोलायच्या आत माझ्याकडे बघून पुढचा प्रश्न, "तुम्ही त्या बाईंच्या साथीला का?"

त्या बाई म्हणजे आमची पहिली व्हायोलिन. मी दुसरी. शिवाय एक व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या सुराची बहीण, आणि एक चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं त्याहून मोठं वाद्य, असा आमचा चौघांचा हौशी स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच. माझ्या सख्ख्या मावशीने तर मागे एका मुंजीत सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अगं, इतकी वर्षं वाजवतेस, अजून दुसरीच?" तिच्या डोळ्यांपुढे बहुतेक बढती होती.

आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाच सगळं सांगते.

प्रश्नात चूक काहीच नाही. आपली मैफल अशीच बसते: मध्ये गाणारा, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरे. मीही आधी तशीच शिकले. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून, गाणाऱ्याच्या तोंडाकडे डोळे लावून. त्यांनी जागा घेतली की आपण ती अर्धा श्वास मागून घ्यायची, आणि त्यांच्यापेक्षा बरी घ्यायची नाही. ही विद्या सोपी नाही, तिला मी कमी लेखत नाही. पण पुढे माहीमला एका गोवेकर सरांकडे गेले. ते लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर बघून गाणं, शिकलेले. पहिले काही महिने त्यांनी माझ्या हातात गज दिलाच नाही. कागदावरचे स्वर आधी गळ्यातून काढायचे, मग तारेतून. व्हायोलिन घोट्यावरून उचलून हनुवटीखाली धरताना कोण लाज वाटली होती! आणि सरांनी मला थेट दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीत बसवलं. का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

क्वार्टेट जमवतात कसा, हेही लोक विचारतात. उत्तर एकच, जो मिळेल तो घेऊन. आमची पहिली व्हायोलिन शाळेत गणित शिकवते, व्हिओलावाला संगणकातला, मी बँकेत, आणि चेलो वाजवतात ते दातांचे डॉक्टर. तालीम रविवारी त्यांच्याच दवाखान्यात, कारण रविवारी तो बंद असतो. हे ऐकून लोकांना जरा वाईट वाटतं, पण या प्रकाराचा जन्मच असा झालेला आहे. अठराव्या शतकात ऑस्ट्रियात, व्हाइनत्सिर्ल नावाच्या गावी, फ्युर्नबर्ग म्हणून एक सरदार होता. त्याच्या वाड्यावर हाताशी कोण, तर गावचा पाद्री, त्याचा स्वतःचा कारभारी, आल्ब्रेष्ट्सबर्गर आडनावाचा एक चेलोवादक आणि विशी-पंचविशीतला एक गरीब व्हायोलिनवाला. सरदार त्या पोराला म्हणाला, या चौघांना वाजवता येईल असं काहीतरी लिही. पोराचं नाव योझेफ हायडन. पुढे त्याने साठावर क्वार्टेट लिहिले आणि जग त्याला या प्रकाराचा बाप म्हणू लागलं. म्हणजे मुळात होते ते पाद्रीबाबा आणि दिवाणजीच. आम्ही परंपरेतच आहोत.

आता दुसऱ्या व्हायोलिनकडे येते. एका लग्नात आम्हाला बोलावलं होतं. ध्वनिक्षेपकवाल्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि मंचावरचा एकुलता एक माइक पहिल्या व्हायोलिनसमोर नेऊन ठेवला. "मेन आर्टिस्टला दिलाय," म्हणाला. सभागृहात ऐकू गेली ती नुसती चाल, तीही अशी की जणू कुणी रिकाम्या घरात शीळ घालत फिरतंय. जेवताना एक पाहुणे मला म्हणाले, "तुम्ही नुसता गज फिरवत होतात का?" माझी चिडचिड झाली, पण मला कधी शब्दांत सांगता आलं नसतं ते त्या माइकवाल्याने करून दाखवलं होतं.

पेटीवर बोट ठेवलं की गंधार, म्हणजे सारेगममधला ग, तयार मिळतो. तो सगळ्या सुरांत चालावा म्हणून सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून बसवलेला असतो, आणि त्यामुळे खऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. खरा गंधार म्हणजे नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून कुणी न छेडता आपोआप उमटतो तो. कान त्यावर वाढलेला असला की पेटीचा गंधार खुपतो. क्वार्टेटमध्ये पेटी नाही, पियानो नाही, बोटाखाली सतारीसारखे पडदेही नाहीत. चेलो खाली षड्ज धरतो, व्हिओला बहुधा पंचम, पहिली व्हायोलिन वर चाल घेऊन निघालेली असते आणि मधला गंधार पुष्कळदा माझ्याकडे येतो. तो मी केसभर चढा लावला तर चौघांचाही सूर आंबतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पहिलीच बेसूर झाली. तो बरोबर लागला तर माझ्याकडे कुणाचंही लक्ष जात नाही. सरांनी मला तिथे का बसवलं ते हे. तानपुऱ्याजवळ वाढलेला कान त्यांना त्या खुर्चीत हवा होता.

तरीही ज्यांना हे पटत नाही त्यांना मी मेहली मेहतांची गोष्ट सांगते. जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील, ही त्यांची ओळख मला अपुरी वाटते. १९०८ साली मुंबईत जन्म. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य संगीत वाजवणारे म्हणजे पारशी, गोवेकर आणि युरोपातून हिटलरच्या भीतीने आलेले काही जण. असाच एक जण वॉल्टर कॉफमन, कार्ल्सबादचा ज्यू. तो १९३४ साली मुंबईत आला आणि आल्या आल्या त्याने चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताची, मंडळी जमवली. त्याच्याबरोबर व्हायोलिनवर मेहली आणि चेलोवर एदिजिओ व्हेर्गा. कॉफमन पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं खातं सांभाळत होता. आकाशवाणीची ती पहाटेची धून त्याचीच. आणि तिच्यातली व्हायोलिन मेहलींची, असं सांगतात. म्हणजे ज्यांनी जन्मात क्वार्टेट ऐकला नाही त्यांच्याही घरात, चहाचं आधण ठेवलेलं असताना, ही व्हायोलिन वाजून गेली असेल. (गंमत म्हणजे ज्या १९४० साली मेहलींनी क्वार्टेट काढला त्याच साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. दोन्हींचा संबंध काही नाही. मला आपलं बरं वाटतं.)

कॉफमनने स्वतःही क्वार्टेट लिहिले. त्यातला सातवा आणि अकरावा टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने ध्वनिमुद्रित केला आहे, २०२० मध्ये तो बाहेर आला. जरूर ऐका. आपले राग ओळखू येतात असं म्हणवत नाही, पण ओळखीच्या गल्लीतून अनोळखी माणूस चालत गेल्यासारखं वाटतं.

तर मेहली. मुंबईत ते पहिलेच. वाद्यवृंदाचे पहिले व्हायोलिनवादक, मग संचालक, वर क्वार्टेटचे संस्थापक. १९४५ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, घरी दोन लहान मुलं ठेवून ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियनकडे शिकायला गेले आणि काही वर्षांनी परतले. १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात गेले. आणि १९५९ मध्ये, पन्नाशी ओलांडलेला हा माणूस फिलाडेल्फियाला जाऊन कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये बसला. कुठे? दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीत. पहिल्या खुर्चीत याशा ब्रॉडस्की होते. हा क्वार्टेटही तिथल्या कर्टिस संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांनी १९२७ मध्ये जमवलेला, आणि त्याचं पहिलं नाव, विश्वास बसणार नाही, स्वस्तिक क्वार्टेट! शाळेच्या संस्थापक बाईंच्या घराचं नाव स्वस्तिक होतं. १९३२ मध्ये नाव बदललं ते बरं झालं.

साधारण पाच वर्षं मेहली तिथे होते. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन त्यांनी तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिम्फनी काढला आणि तो तेहेतीस वर्षं चालवला. त्यांचा मुलगा तोवर जगभर गाजत होता. त्या पाच वर्षांकडे लोक उतरती पायरी म्हणून बघतात. मला तसं वाटत नाही. मधला गंधार कोण लावतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "असेल बाई. पण एकदा पहिली होऊन बघ."

झाले. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका तालमीत खुर्च्या बदलल्या. मला चाल मिळाली, वरच्या पट्टीतली. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण दहा मिनिटांत गणिताच्या बाई वैतागल्या. "तू इथे बसून काय काय ऐकत असतेस गं? मला चौघं एकदम ऐकू येतायत." आम्ही गुपचूप जागा परत बदलल्या.

तेवढ्यात दवाखान्याची बेल वाजली. रविवार असूनही एक आजोबा गाल धरून दारात उभे. आमचा तुकडा संपेपर्यंत थांबतो म्हणाले, आणि तशा ठणक्यात डोळे मिटून ऐकत बसले. शेवटच्या स्वरावर गज उचलले गेले, आजोबांनी डोळे उघडले आणि चेलोकडे बघून विचारलं, "डॉक्टर, मुख्य तुम्हीच ना?"

त्यांची दाढ डॉक्टरांच्या हातात जायची होती. आम्ही तिघांनी एकदम मान डोलावली.