जॅझ घ्यायची, पण कोणत्या पिढीची?

गाडी कोणती घ्यायची यावरचा घरातला वाद मिटला. होंडा जॅझ घ्यायची, आणि नवी कोरी घेणे आवाक्याबाहेरचे असल्यामुळे वापरलेलीच घ्यायची, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. आता घोडे अडले आहे ते पिढीवर. काही देशांत फिट आणि काही देशांत जॅझ या नावाने विकल्या गेलेल्या या गाडीच्या चार पिढ्या झाल्या: पहिली २००१ साली आली, दुसरी २००७ साली, तिसरी २०१३ साली आणि चौथी २०२० साली. माझ्यापुढे या चौघींच्या जाहिराती उघड्या आहेत आणि दादा, आई व मी अशा तिघांची तीन मते आहेत. ती एकदा लिहून काढल्याशिवाय माझ्या डोक्यातला गुंता सुटणार नाही.

मुळात जॅझच का, हे आधी नोंदवून ठेवते. बहुतेक छोट्या हॅचबॅक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. जॅझमध्ये ती पुढच्या सीटखाली सरकवली आहे. या एका बदलामुळे मागच्या सीटखालची जागा मोकळी झाली, त्यामुळे मागची सीट पाठीसकट पूर्ण सपाट दुमडता येते, किंवा नाट्यगृहातल्या खुर्चीसारखी तिची बैठक वर उचलून पाठीला लावता येते. तसे केले की पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे, जमिनीपासून छतापर्यंत, उभी जागा मिळते आणि तिथे उंच कुंडी किंवा आईची चाकांची खुर्ची घडी घालून उभी राहते. डिकी उघडायची गरजच पडत नाही. ही रचना चारही पिढ्यांत आहे, त्यामुळे पिढी निवडताना तिचा काहीच उपयोग होत नाही. तरीही प्रत्येक जाहिरातीत मी आधी तोच फोटो शोधते, हे खरे.

पहिल्या पिढीचा कैवार दादा घेतो. ती गाडी जपानमध्ये इतकी खपली की २००२ साली तिने टोयोटा कोरोलाचे तीसहून अधिक वर्षांचे पहिले स्थान हिसकावून घेतले, हे तो प्रत्येक वेळी नव्याने सांगतो. तिच्या १.३ लिटरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते, म्हणजे चार सिलिंडरांना आठ. इंधन दोन ठिकाणी पेटल्यामुळे ते अधिक नीट जळते, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तमच आहे. मात्र त्यांतले चार प्लग पुढच्या बाजूला सहज हाताशी येतात आणि मागचे चार अडचणीच्या जागी आहेत, त्यामुळे पुष्कळ गॅरेजांत पुढचे बदलले जातात आणि मागच्यांना वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. दादाला विचारले, "तू बघायला गेलास त्या गाडीचे मागचे प्लग कधी बदललेत?" तो म्हणाला, "अगं, इंजिन चांगलं चालतंय ना, मग झालं तर." माझे शंकेखोर मन तिथेच थांबले. शिवाय त्या पिढीतल्या सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक, गाड्यांना जागेवरून निघताना धडधडण्याची खोड होती. गाडी जागेवरून हलवणाऱ्या क्लचमुळे ती लागते आणि योग्य तेल बदलल्यावर बहुधा जाते, पण आधीच्या मालकाने नेमके कोणते तेल भरले होते ते कोण सांगणार? इतक्या वर्षांनंतर रबराचे बुश, नळ्या आणि सील यांचे वय इंजिनाच्या वयाइतकेच झालेले असते. पहिली पिढी मी मनातून काढली. दादाला अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या पिढीची गाडी मी प्रत्यक्ष चालवून पाहिली, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण मन गुंतले ते तिच्यातच. चालकाच्या दारापुढे, आरशाच्या अलीकडे, एक मोठी त्रिकोणी काच आहे. वळताना पुढचा खांब ज्या कोपऱ्यात माणूस लपवतो, तो कोपरा या काचेतून दिसतो. स्टिअरिंग हलके आहे. एसीसाठी तीन गोल खटके आहेत आणि रस्त्यावरची नजर न काढता बोटांना ते सापडतात. आई पुढच्या सीटवर बसली तेव्हा तिला ना वाकावे लागले ना चढावे लागले, कारण सीटची उंची बरोबर कमरेपाशी येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसासाठी ही उंची सगळ्या तांत्रिक माहितीपेक्षा मोलाची असते. इंजिन थंड असताना वरच्या बाजूने बारीक टिकटिक ऐकू आली. या मालिकेच्या इंजिनांत व्हॉल्व्हची फट आपोआप जुळत नाही, ती ठरावीक काळाने स्क्रूने जुळवावी लागते. फट वाढली की टिकटिक होते आणि ती पाना व फट मोजायची पट्टी घेऊन दुरुस्त होते. त्या टिकटिकीने मला घाबरायला हवे होते, पण झाले उलटेच. कारण माहीत असलेला आणि हाताने बरा होणारा आवाज मला त्रास देत नाही. टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्यासाठी, या इंजिनात चेन आहे, त्यामुळे ठरावीक अंतराला पट्टा बदलण्याचा खर्चही नाही. तेल मात्र वेळच्या वेळी बदललेले असावे लागते, नाहीतर चेन सैल होते.

उणिवाही दिसल्या. पाचच गिअर असल्यामुळे मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की इंजिन फार फिरते आणि आवाजामुळे मागे बसलेल्याशी बोलताना मान वळवून जोरात बोलावे लागते. त्या पिढीच्या सुरुवातीला युरोपात ऑटोमॅटिक म्हणून जो गिअरबॉक्स दिला होता, तो खरे तर यंत्राने क्लच दाबणारा मॅन्युअल होता. गिअर बदलताना तो इतका रेंगाळत असे की २०११ च्या सुमाराच्या सुधारणेत कंपनीने पुन्हा सीव्हीटी आणली. पिढी तीच आणि नावही तेच, पण आधीच्या आणि नंतरच्या दोन ऑटोमॅटिक गाड्या चालवायला अगदी निराळ्या. या एका तपशिलामुळे माझ्या सगळ्या विचाराला वळण लागले.

आपण पिढ्या मोजतो, पण विकत घेतो ती एका विशिष्ट वर्षाची गाडी. आणि पिढीच्या पहिल्या वर्षातली गाडी व शेवटच्या वर्षातली गाडी यांत कधी कधी दोन पिढ्यांइतके अंतर असते. तिसऱ्या पिढीच्या फिटची हायब्रिड आवृत्ती सप्टेंबर २०१३ मध्ये जपानात आली, तेव्हा तिच्यातला सात गिअरचा दुहेरी क्लचवाला गिअरबॉक्स अगदी नवा होता. पुढच्या साधारण वर्षभरात ती गाडी पाच वेळा दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली आणि कंपनीच्या वरिष्ठांनी त्यापोटी पगारात कपात स्वीकारली. दुसऱ्या पिढीच्या अमेरिकेतल्या २००९ व २०१० या मॉडेल वर्षांच्या गाड्या २०११ साली व्हॉल्व्हच्या यंत्रणेतल्या एका स्प्रिंगसाठी परत बोलावल्या होत्या. म्हणजे नवी पिढी घेतली तरी तिची पहिली दोन वर्षे टाळलेली बरी, असा माझा कौल आहे. मात्र शेवटची वर्षे म्हणजे निर्दोष, असेही सरळ गणित नाही. २०१० च्या जानेवारीत जगभरातल्या सहा लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांत पहिल्या पिढीच्या उतरत्या काळातल्या गाड्या होत्या. चालकाच्या दारातल्या काचेच्या मुख्य बटणात पाणी शिरून ते तापण्याचा धोका होता, आणि तो दोष इतक्या वर्षांनी उघडकीला आला.

आता सुरक्षेचा मुद्दा. इथे मी भावनेला थारा द्यायचा नाही असे ठरवले आहे. दुसऱ्या पिढीला २००९ साली युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले आणि तिसऱ्या पिढीलाही २०१५ साली पाचच मिळाले. जाहिरातींत हे दोन्ही आकडे सारखेच चमकतात, पण चाचणी मधल्या काळात कठीण झाली होती. २०१४ पासून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचीही मोजदाद त्यात होऊ लागली, आणि २०१५ साली आपल्या वर्गात सर्वोत्तम ठरलेली जॅझ या नव्या मोजपट्टीवर ठरली होती. पाच ताऱ्यांशेजारी वर्ष लिहिलेले नसेल तर ते तारे मी वाचतच नाही. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ती आहे की नाही हे प्रकारावर ठरते, म्हणून डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे चित्र असलेले बटण आहे का, हे जाऊन डोळ्यांनी पाहावे लागते.

जुन्या पिढ्यांवर एअरबॅगचीही एक सावली आहे. टकाटा कंपनीच्या फुगवणीत, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्णता आणि दमटपणा यांनी ते वर्षानुवर्षांत बिघडते आणि मग अपघातात फुगवणीचे धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे बसणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतात. अनेक कंपन्यांच्या गाड्यांमधल्या जगभरातल्या सुमारे १० कोटी फुगवण्या परत बोलवाव्या लागल्या आणि टकाटा २०१७ साली दिवाळखोरीत गेली. जॅझच्या पहिल्या दोन पिढ्यांतल्या कित्येक गाड्या त्यात होत्या. दुरुस्ती फुकट होते, पण ती झाली आहे का हे चेसिस नंबरवरूनच कळते, विकणाऱ्याच्या "हो हो, झाली असेल" यावरून कळत नाही.

तिसऱ्या पिढीत मागच्या सीटवर पाय पसरता येतील इतकी जागा वाढली, आणि युरोपातल्या मॅन्युअलला सहावा गिअर मिळाला. तो टाकला की मोठ्या रस्त्यावरची कुरकुर खाली बसते. पण एसीचे खटके जाऊन त्या जागी काचेसारखी स्पर्शाची पट्टी आली आहे. एक अंश कमी करायचा तरी बघावे लागते, आणि बोट घसरले की पंखाच वाढतो. ही सुधारणा कोणाला सुचली असेल कोण जाणे. चौथ्या पिढीत कंपनीने एसीसाठी पुन्हा गोल खटके दिले, यावरून ती पट्टी मला एकटीलाच खटकली नसावी.

चौथी पिढी मला सगळ्यांत हुशार वाटते. पुढच्या काचेजवळचा खांब बराच बारीक करून धडक झेलण्याचे काम त्याच्या मागच्या खांबावर सोपवले आहे, त्यामुळे समोरचा रस्ता अखंड दिसतो. युरोपात ती फक्त हायब्रिड म्हणूनच आली. गावातल्या वेगाला इंजिन वीज बनवते आणि चाके मोटर फिरवते, तर मोठ्या रस्त्यावर एक क्लच जोडला जाऊन इंजिन थेट चाकांना लागते. त्यामुळे नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सच नाही. कागदावर हे फार सुंदर आहे. पण बॅटरी जुनी झाल्यावर कोणत्या गॅरेजकडे जायचे याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि आमच्या पैशांत मिळणारी चौथी पिढी म्हणजे पहिल्याच वर्षातली किंवा ठोकलेली. ती मी बाजूला ठेवली.

उरल्या दोन: दुसऱ्या पिढीच्या शेवटच्या वर्षातली आणि तिसऱ्या पिढीच्या शेवटाकडची. मन दुसऱ्या पिढीकडे ओढते, कारण तिचे खटके, तिची त्रिकोणी काच आणि तिची बरी करता येणारी टिकटिक मला कळते. पण गाडीत आई बसणार आहे, आणि समोरचे वाहन अचानक थांबले तर माझा पाय पोचण्याआधी ब्रेक लावणारी यंत्रणा तिसऱ्या पिढीतच आहे. स्पर्शाच्या पट्टीचा राग दर वेळी येईल, तो येऊ द्यावा. निवड तिसऱ्या पिढीची केली: मॅन्युअल, साध्या पेट्रोल इंजिनाची, हायब्रिड नको, आणि पिढीच्या दुसऱ्या अर्ध्यातली.

त्या वर्णनात बसणारी एक गाडी सापडली आहे. विकणाऱ्या गृहस्थांकडे मी चेसिस नंबर, सर्व्हिसचे पुस्तक आणि थंड इंजिन अशा तीन गोष्टी मागितल्या. आम्ही येण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका, असे स्पष्टच सांगितले, कारण गरम इंजिनाची टिकटिक दडते. ते जरा नाराज झाले, पण नंबर पाठवला. त्यावर एकही दुरुस्ती बाकी दिसत नाही. व्हॉल्व्हची फट शेवटची कधी जुळवली याची नोंद मात्र पुस्तकात नाही, तेव्हा तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा. दादाला बरोबर नेणार आहे, कारण गाडीखाली वाकून गंज पाहण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, आणि पहिल्या पिढीचे मी काय ठरवले हेही त्याला वाटेतच सांगता येईल.