पहाटे शेकोटी, सकाळी नांदूरमध्यमेश्वर

निफाडला किती थंडी पडली हे आम्हाला पेपरात वाचावं लागत नाही. तरी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून आला की घरात तो बाजारभावासारखा मोठ्याने वाचला जातो. पारा घसरला की अण्णांचा जीव द्राक्षबागेत अडकतो. मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात. मग पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं. सुट्टीला घरी आलो की मीही यात असतो. धुराने डोळे चुरचुरत असतात आणि मनातून मी खुश असतो, हे अण्णांना सांगायची सोय नाही. माझ्या डोक्यात थंडी म्हणजे धरणावरची बदकं.

परवा शेकोट्या विझल्यावर तसाच धुरकट वासाचा स्वेटर घालून पुतणीला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि धरणाकाठचं चापडगाव गाठलं. हात हँडलला चिकटल्यासारखे झाले होते.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बांधलेला हा नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. शंभर-सव्वाशे वर्षांत त्यात इतका गाळ साचला की पाणी पसरट आणि उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. सिंचनाच्या हिशेबाने हे नुकसानच. पाखरांना मात्र नेमकं हेच हवं होतं. 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. एवढी ख्याती असूनही आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी ते आतून पाहिलेलं नाही.

मनोऱ्यावर चढलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. दिसत काहीच नव्हतं, नुसता कलकलाट. मग धुकं वर सरकत गेलं आणि काळे ठिपके उमटले. सगळे वारकरी! काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. पुतणी म्हणाली, "काका, यांची दिंडीच निघालीय." तिला मी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

त्यांच्या पलीकडे थापटे होते. चोच उलथण्यासारखी रुंद, ती पाण्यात घालून गाळण लावल्यासारखं चाललेलं. तलवार बदकं डोकं खाली, शेपटी वर करून उभी. गाळापर्यंत मान पोचते म्हणूनच ती इथे येतात. खोल पाण्यात त्यांचं काही चालत नाही. बेटाच्या कडेला केशरी चक्रवाकांची एक जोडी. लडाख-तिबेटकडे पिल्लं काढणारा हा पक्षी आमच्या गाळात बसून पंख साफ करतोय, याचं मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

अचानक सगळं पाणी फुटल्यासारखं झालं. शेकडो बदकं एकदम उठली. वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी, अगदी संथ, गवताला पोट घासत आल्यासारखा. पुतणी माझा हात धरून उभी होती. त्याला काही मिळालं नाही. तो गेला, बदकं बसली, पुन्हा तोच कलकलाट.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले नाहीत. तिकिटाच्या खिडकीपाशी पुण्याहून आलेलं एक कुटुंब त्यावरून हिरमुसलं होतं. एकाच पक्ष्यासाठी इतक्या लांब यायचं आणि बाकीच्यांकडे बघायचंच नाही, हे मला कधी जमणार नाही.

घरी आलो तर अण्णा बागेत पत्र्याचा डबा बडवत होते. जाळी एका कोपऱ्यात फाटली होती आणि तिथून बुलबुल, साळुंक्या आत घुसलेल्या. "बघून आलास पाखरं? आता हाकलायला लाग." दुपारपर्यंत जाळी शिवत बसलो. सुईदोरा धरायची वेळ आल्यावर बुलबुलाचा गोड आवाज कानाला तितका गोड लागत नाही.

संध्याकाळी परसात, धुण्याच्या दगडावर, थिरथिरा आला. चिमणीएवढा, पाठ काळी, पोट तांबूस, आणि शेपूट सतत थरथरत असलेलं. हाही पाहुणाच, दिवाळीनंतर येतो. पुतणीने सवयीने टाळी वाजवायला हात उचलला.

"त्याला राहू दे," अण्णा ओट्यावरून म्हणाले. "तो किडे खातो."

थिरथिरा उडून सकाळच्या राखेच्या ढिगावर बसला.