भाच्याचा ताबा : कौटुंबिक न्यायालयातील माझा अनुभव

मे २०२१ मध्ये माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान कोरोनाने बारा दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा भाचा सहा वर्षांचा होता. त्याचे वडिलांकडील आजी-आजोबा दोघेही आजारी असल्याने मी त्याला माझ्या घरी आणले. बाल कल्याण समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवला आणि त्याची देखभाल माझ्याकडे सोपवली. राज्य शासनाची ५ लाखांची मुदतठेवही त्याच्या नावे झाली. समितीचा आदेश हाती आला म्हणजे आपण पालक झालो, अशी माझी समजूत होती. पालक नेमण्याचा अधिकार १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालयाचा असतो, हे मला आजी-आजोबांनी केलेल्या अर्जाची नोटीस आली तेव्हा कळले.

माझ्या लेखी उत्तराचा सगळा भर माझा पगार, घर आणि आजोबांची उलटलेली सत्तरी यांवर होता. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील जवळजवळ अशाच प्रकरणात निकाल दिला. तेथे उच्च न्यायालयाने मुलाचा ताबा नोकरदार मावशीकडे दिला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो आजी-आजोबांना दिला आणि उत्पन्न, वय किंवा मोठे कुटुंब एवढ्यावरच ताबा ठरवता येत नाही, असे स्पष्ट केले. पुढच्याच तारखेला समोरच्या वकिलांनी तो निकाल दाखल केला आणि माझे उत्तर निम्मे तरी लंगडे पडले. माझ्या वकीलबाईंनी मात्र सर्वोच्च न्यायालयाचाच २००८ चा निकाल काढला. त्यात वडील हयात असूनही मुलाचा ताबा आईच्या आई-वडिलांकडेच राहिला होता आणि न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून त्याची इच्छाही जाणून घेतली होती. आमच्या न्यायाधीशांनीही भाच्याला दालनात बोलावले.

मला वाटत होते, ‘कोणाकडे राहायचे?’ असे थेट विचारतील. तो बाहेर येऊन म्हणाला, तसे काही विचारलेच नाही. डबा कोण भरतं, रात्री दचकून जाग आली तर कोणाला हाक मारतोस, एवढेच विचारले. डबा मावशी भरते, हाक आजीला मारतो, असे त्याने सांगितले होते. बहिणीच्या घरी तो जन्मापासून आजीच्या कुशीतच झोपत असे. हे मला ठाऊक होते, तरी माझ्या शपथपत्रात त्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता.

त्यानंतर समुपदेशकांकडे आमच्या चार बैठका झाल्या. तडजोडीची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दाखल झाली, तरी ती मुलाच्या हिताची आहे याची खात्री करून घेतल्यावरच न्यायाधीशांनी आदेश केला : ताबा आजी-आजोबांकडे, शाळा तीच, एक आड एक शनिवार-रविवार आणि अर्धी मे महिन्याची सुटी माझ्याकडे; आजोबांची प्रकृती बिघडल्यास मला पुन्हा अर्ज करण्याची मुभा. बहिणीच्या नावावरील जमिनीचा प्रश्न अजून बाकी आहे, कारण न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही.

आदेशात रविवारी सायंकाळी ६ ची वेळ लिहिली आहे. मी त्याला साडेसातला सोडते. आजींनी अद्याप तक्रार केलेली नाही.