तुम्ही विचारलंत म्हणून: फॉक्सप्रो सोडून गो भाषेकडे जाताना डेटाबेस कसा जोडायचा?

पतसंस्था, दूध संघ आणि बाजार समित्या यांच्यासाठी वर्षानुवर्षे सॉफ्टवेअर लिहिणारे अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात. “आमचे सगळे काम फॉक्सप्रोमध्ये आहे. आता गोसारखी नवी भाषा घ्यायची म्हटले, तर ती किती दिवसांत येईल आणि तिला डेटाबेस कसा जोडायचा?” यातला पहिला भाग लवकर सुटतो. गो ही आकाराने लहान भाषा आहे आणि ज्याने मोठे प्रोग्रॅम लिहून सांभाळले आहेत, त्याला तिचे व्याकरण जड जात नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र मी सविस्तर देते, कारण माझ्या अनुभवात या स्थलांतराचे बहुतेक कष्ट आणि बहुतेक धोके भाषा आणि डेटाबेस यांच्या सांध्यावरच असतात.

आधी भाषेच्या निवडीबद्दल थोडे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची असेल, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच जाहीर केले होते आणि तिचा उरलेला आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. जुने प्रोग्रॅम आजही चालतात, त्यामुळे घाबरून उद्याच उडी मारण्याचे कारण नाही. पण एका टेबलाच्या फाइलला दोन जीबीची मर्यादा आहे आणि ही भाषा नव्याने शिकणारी मुले आता मिळत नाहीत. सी शार्प घेतलीत तरी माझी हरकत नाही. मी गो सुचवते ती दोन कारणांसाठी. तिचा प्रोग्रॅम एकाच एक्झी फाइलमध्ये मावतो, म्हणून तालुक्याच्या शाखेतल्या संगणकावर डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाइली) नोंदवत बसावे लागत नाही. शिवाय २०१२ मध्ये गोची पहिली आवृत्ती आली, तेव्हा जुना कोड पुढच्या आवृत्त्यांतही चालत राहील असे वचन तिच्या कर्त्यांनी दिले आणि ते काळजीपूर्वक पाळले आहे. ज्यांच्या आधीच्या भाषेचा आधार एकदा सुटला आहे, त्यांच्या दृष्टीने या वचनाचे मोल मोठे आहे.

फॉक्सप्रोमध्ये डेटाबेस भाषेच्या पोटातच होता. ‘यूज’ म्हटले की टेबल उघडे, ‘सीक’ म्हटले की खाते समोर, ‘रिप्लेस’ म्हटले की शिल्लक बदललेली. प्रत्येक संगणकावरचा प्रोग्रॅम सामायिक फोल्डरमधल्या फाइलला स्वतः हात घालत असे आणि म्हणूनच ऐन लिहिताना वीज गेली की इंडेक्स बिघडत असे. गो आणि पोस्टग्रेस (सर्व्हरवर स्वतंत्र चालणारी डेटाबेस प्रणाली) या जोडीत फाइलला हात लावण्याचा अधिकार फक्त सर्व्हरला असतो आणि आपला प्रोग्रॅम नेटवर्कवरून त्याच्याकडे मागणी करतो. हा बदल मनात मुरला नाही, तर माणूस ‘स्कॅन’ आणि ‘एंडस्कॅन’च्या, म्हणजे एकेक नोंद घेत पुढे जाण्याच्या सवयीने प्रत्येक खात्यासाठी वेगळी क्वेरी पाठवतो. मग व्याज आकारणी रात्रभर चालते आणि दोष नव्या भाषेला दिला जातो. जे काम सर्व्हर एका विधानात सर्व खात्यांवर करू शकतो, ते त्याच्याकडेच सोपवावे. त्यामुळे गोचे पुस्तक उघडण्याआधी एसक्यूएल (डेटाबेसकडे मागणी करण्याची भाषा) पक्के करा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

आता प्रत्यक्ष जोडणी. गोच्या मूळ संग्रहातले ‘डेटाबेस/एसक्यूएल’ हे पॅकेज कोणत्याही एका डेटाबेसला ओळखत नाही. प्रत्येक डेटाबेसचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलणारा जोड) वेगळा घ्यावा लागतो आणि पोस्टग्रेससाठी मी पीजीएक्स वापरते. ‘ओपन’ या फंक्शनच्या नावावरून वाटते की त्याने कनेक्शन उघडले, परंतु ते सहसा फक्त पत्ता आणि तपशील नोंदवून घेते. सर्व्हर बंद असला तरी ते मुकाट्याने यशस्वी होते, आणि चूक कळते ती पहिल्या क्वेरीच्या वेळी. म्हणून ‘ओपन’नंतर लगेच ‘पिंग’ करून सर्व्हर उत्तर देतो का ते पाहावे. ‘ओपन’मधून जे हाती येते ते एक कनेक्शन नसून कनेक्शनांचा साठा असतो आणि या साठ्याला मुळात वरची मर्यादा नसते. उलट पोस्टग्रेस आपण बदल केला नाही तर एका वेळी १०० कनेक्शनेच घेतो. सकाळी अकराला सगळ्या शाखांचे काउंटर सुरू झाले आणि ग्राहक जास्त असल्याचा निरोप देऊन सर्व्हरने दार लावले, तर कारण बहुधा इथेच सापडते. मर्यादा स्वतः ठरवून द्यावी आणि क्वेरीतून आलेल्या ओळी वाचून झाल्या की ‘रोज’ (rows, म्हणजे त्या ओळींची वस्तू) बंद करण्याची ओळ ‘डिफर’ने (फंक्शन संपताना आपोआप चालेल अशी) आधीच लिहून ठेवावी, कारण वाचन अर्ध्यात सोडले आणि ‘रोज’ बंद केल्या नाहीत, तर ते कनेक्शन साठ्यात परत येत नाही.

याच साठ्यामुळे ट्रान्झॅक्शनचा (सगळ्या नोंदी एकत्र व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, अशा बांधणीचा) विषय नाजूक होतो आणि पैशाच्या कामात याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. सभासदाच्या बचत खात्यातून ५,००० रुपये काढून कर्ज खात्यात भरायचे आहेत असे समजा. ‘बिगिन’ म्हटल्यावर गो आपल्याला ट्रान्झॅक्शनची एक वस्तू देते आणि ती साठ्यातल्या एका ठरावीक कनेक्शनला बांधलेली असते. नावेची नोंद या वस्तूमार्फत केली आणि जमेची नोंद सवयीने मूळ डेटाबेसच्या वस्तूमार्फत केली, तर ती दुसरी नोंद वेगळ्या कनेक्शनवरून जाते आणि ट्रान्झॅक्शनच्या बाहेर पडते. दोन्ही ओळी दिसायला सारख्या असतात, कंपायलर तक्रार करत नाही आणि चाचणीतही सगळे सुरळीत चालते. पुढे एखाद्या दिवशी मध्येच त्रुटी येते, ‘रोलबॅक’ होतो, नावे रद्द होते, पण जमा तशीच राहते आणि संध्याकाळी तेरीज (जमा-नावेचा मेळ) जुळत नाही. यावर माझा उपाय असा, की खात्यावर नोंद करणाऱ्या प्रत्येक फंक्शनला ट्रान्झॅक्शनची वस्तूच द्यायची आणि मूळ डेटाबेसची वस्तू त्याच्या नजरेसच पडू द्यायची नाही. ‘बिगिन’च्या पुढच्याच ओळीत ‘डिफर’ने ‘रोलबॅक’ लिहावा. ‘कमिट’ होऊन नोंदी कायम झाल्यावर तो काहीही बिघडवत नाही.

क्वेरीत नाव, रक्कम अशी मूल्ये भरताना तुकडे जोडून वाक्य तयार करू नये, तर $१, $२ अशा जागा ठेवून मूल्ये वेगळी पाठवावीत. याचे सुरक्षेचे कारण, म्हणजे कोणी क्वेरीत स्वतःची आज्ञा घुसवू नये, हे सर्वांना ठाऊक असते, पण सावंतवाडीच्या किंवा वसईच्या संस्थेत त्याआधी दुसरे कारण भेटते: इंग्रजी लिपीतल्या डिसोझा (D'Souza) या आडनावातल्या ऊर्ध्वविरामाशी जोडलेले वाक्य तुटते आणि त्या सभासदाचे खातेच उघडत नाही.

रिकाम्या जागांबद्दलही आधीच ठरवावे लागते. फॉक्सप्रोमध्ये तारीख कोरी ठेवता येते. पोस्टग्रेसमध्ये कोरी तारीख असा प्रकार नाही, तिथे ‘नल’ (मूल्य नाही हे दाखवणारी खूण) द्यावे लागते आणि ते ‘नल’ गोच्या साध्या स्ट्रिंगमध्ये किंवा तारखेत वाचायला गेलो तर त्रुटी येते. डेटा हलवताना खोडलेल्या नोंदींचेही भान ठेवावे. फॉक्सप्रोचे ‘डिलीट’ नोंद काढून टाकत नाही, फाइल आवळणारे ‘पॅक’ होईपर्यंत तिच्या पहिल्या बाइटमध्ये फक्त तारांकन ठेवते. ते तारांकन न पाहणाऱ्या साधनाने डेटा हलवला, तर बंद झालेली खाती नव्या प्रणालीत पुन्हा उभी राहतात.

पैशासाठी ‘फ्लोट’ (अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवणारा प्रकार) वापरू नये. दहा पैसे म्हणजे ०.१० हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मावतच नाही आणि हजारो खात्यांच्या बेरजेत ती उणीव वर येते. पोस्टग्रेसमध्ये ‘न्यूमेरिक’ हा नेमका दशमान प्रकार ठेवावा आणि गोमध्ये दशमान प्रकार मुळात नसल्यामुळे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून सांभाळावी.

ज्या विषयाबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे, तो मराठी मजकुराचा. आपल्याकडच्या जुन्या डेटात सभासदांची नावे बहुधा फाँटच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली असतात, कारण त्या काळी युनिकोड (सर्व लिप्यांच्या चिन्हांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) हाताशी नव्हते. अशा साठ्यात अक्षरे दिसतात त्या क्रमाने लिहिलेली असतात. ‘शिर्के’ या आडनावात ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी आणि रफार ‘क’च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो: श, मग वेलांटी, मग र आणि हलन्त, मग क आणि मात्रा. त्यामुळे केवळ संकेताला संकेत ठेवून रूपांतर होत नाही. वेलांटी मागे आणि रफार पुढे सरकवणारे नियम लिहावे लागतात आणि नंतर गावातल्या माणसाकडून नावांची यादी वाचून घ्यावी लागते.

रूपांतर झाल्यावर गो या मजकुराला उत्तम सांभाळते आणि त्यात नवल नाही. तिच्या तीन कर्त्यांपैकी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनीच १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही युनिकोड बाइटांत साठवण्याची पद्धत रचली होती. तरीही मोजमापात सावध राहावे. ‘शिर्के’ची लांबी विचारली तर गो १८ सांगते, कारण ती बाइट मोजते, पोस्टग्रेस ६ सांगतो, कारण तो युनिकोडची चिन्हे मोजतो, आणि वाचणाऱ्याला अक्षरे दोनच दिसतात. पासबुकाच्या रकान्यासाठी नावाचे पहिले दहा बाइट कापले, तर तीन चिन्हे आणि चौथ्याचा एक तुकडा उरतो. तो तुकडा छापताना चौकोन होऊन येतो आणि पोस्टग्रेसमध्ये ठेवायला गेलात तर तो नाकारतो. फॉक्सप्रोच्या टेबलातली तीस बाइटांची रुंदी तशीच नव्या टेबलात नेऊ नये. नावाला ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्यावा आणि कापाकापी केवळ छपाईच्या वेळी, पूर्ण अक्षराच्या सीमेवर करावी.

जुनी प्रणाली कधी बंद करायची, हेही याच प्रश्नाच्या पाठोपाठ विचारले जाते. दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालवून रोजची तेरीज पैशासकट जुळवावी आणि फरक आला तर तो कितीही लहान असला तरी शोधून काढावा. व्याजात एका पैशाचा फरक येतो तेव्हा पूर्णांकनाचा नियम दोन्हीकडे वेगळा असतो आणि कोणता पाळायचा हे संस्थेने लेखी ठरवायचे असते. अशा जुळणीत एक व्याज आकारणी आणि एक ३१ मार्च यायलाच हवा. वर्षअखेरीच्या नोंदी आणि लाभांश यांचे हिशेब एरवी वर्षभर चालतच नाहीत, त्यामुळे त्यांची परीक्षा दुसऱ्या कोणत्याही महिन्यात होत नाही.