पसरणीच्या घाटात उतरलेला काटा

पाचगणी मागे टाकून पसरणीचा घाट उतरायला लागलो तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. खाली वाई धुक्यात बुडालेली. बाबांनी शाल गळ्यापर्यंत ओढली आणि विचारलं, "अगं, हीटर बंद केलास का?"

मी हातही लावला नव्हता. जाळीसमोर हात धरला तर हवा गार. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा अर्ध्याच्या बराच खाली आला होता आणि फोनवरच्या ॲपमध्ये कूलंटचं, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान दिसत होतं 61. दोन वळणं घेतली, 58.

माझी गाडी 1.4 लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक. पहिल्या पगारवाढीपासून साठवलेल्या पैशांतून घेतलेली, त्यामुळे तिचा प्रत्येक आवाज मला ओळखू येतो. असं इंजिन गरम झालं की कूलंट 90 अंशांच्या आसपास राहायला हवं, मग बाहेर मुलुंडचा उकाडा असो की महाबळेश्वरची थंडी. त्यासाठीच थर्मोस्टॅट असतो. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, पाणी इंजिनातच फिरत राहतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला मेण फुगतं, झडप उघडते. थंडी वाढली तर झडप कमी उघडायची, एवढाच फरक.

जातानाही आकडे खटकले होते. पहाटे साडेचारला मुलुंडहून निघालो, ऐरोली पुलावर 80, एक्सप्रेसवेवर पनवेल मागे पडल्यावर 74, घाट चढून तळेगावला पोचेपर्यंत 69. मी मनाची समजूत घातली की थंडीत असंच होत असेल. पसरणी चढताना इंजिनावर जोर आला, आकडा 83 वर गेला आणि मी तो विषय सोडून दिला. महाबळेश्वरच्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वेण्णा लेकजवळ पार्किंगसाठी पाऊण तास रांग, पॉइंटांवर माणसांचीच गर्दी, आणि खोली दिलेल्या काकूंनी न मागता रात्री दिलेलं गरम पिठलं. ते पिठलं मात्र विसरणार नाही.

बाबा बेस्टच्या डेपोत फिटर होते, 31 वर्षं. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेतल्यावर चहाच्या टपरीशेजारी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही, गरम पाणी दाबाखाली असतं. ऑइलचं झाकण मात्र फिरवून काढलं आणि माझ्यासमोर उलटं धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर होता, ताक घुसळताना रवीला लोणी चिकटतं तसा. माझ्या पोटात गोळा आला, कारण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं सील, गेलं तरी असाच थर दिसतो. बाबांनी कूलंटची टाकी पाहिली. पातळी जागच्या जागी, वर तेलाचा तवंग नाही. "गॅस्केट नाही. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आतली वाफ तेलातच राहते."

मग घाटातलं कोडं त्यांनी उलगडून सांगितलं. उतारावर गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. जळायलाच काही नाही, तर उष्णता कुठून येणार? त्यात हीटर आहे ती ऊब खातो. अशा वेळी झडप मिटायला हवी. मिटली नाही तर सगळं पाणी रेडिएटरमधून गार वारा खात फिरतं. आणि इंजिन गार आहे असं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर चालतं. वर्षभर ॲव्हरेज 12 वरून साडेनऊवर आलं होतं आणि मी दोष पूर्व द्रुतगती मार्गाच्या ट्रॅफिकला देत होते.

परतीचा प्रवास गप्पच झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन चालू करून बाबांनी रेडिएटरच्या वरच्या होज पाईपवर माझा हात ठेवला. तो बराच वेळ गार राहायला हवा. दुसऱ्याच मिनिटाला कोमट झाला. संध्याकाळी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे दोन बोल्ट काढले. आत झडप अडकलेली नव्हती. झडपच नव्हती. रिकामी जागा आणि कडेला लाल सीलंट.

मागच्या ऑक्टोबरमध्ये सिग्नलला गाडी तापायची म्हणून एका गॅरेजला दिली होती. बिलावर फक्त 'कूलिंग काम' असं लिहिलं होतं. फोन केला तर उत्तर मिळालं, "मुंबईत त्याची गरजच नसते, मॅडम." मला अजून राग आहे. काढला याचा आहेच, न सांगता काढला याचा जास्त. मुंबईत थंडी नाही म्हणून झडप नको, हे खोटं आहे. 58 अंशांवर मेण हललंही नसतं, मुंबईत काय नि पाचगणीत काय. शिवाय बऱ्याच इंजिनांत उघडलेली झडपच बायपासची वाट बंद करते. ती काढली की काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. गाडी तापण्याचं खरं कारण होतं पंख्याचा जळालेला रेझिस्टर. पहिल्या स्पीडला पंखा फिरतच नव्हता.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी बाबांनी तो दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडला, बुडाला टेकू न देता. त्यावर 88 कोरलेलं. आईच्या पाकाच्या थर्मामीटरवर 80 झाले, 85 झाले, काहीच नाही. 88 च्या पुढे गेल्यावर पितळी बुंध्यावरची चकती केसाएवढी सरकली, आणि पाणी खळखळायला लागेपर्यंत चांगली डोळ्यांना दिसेल एवढी उघडली. आम्ही तिघं गॅसभोवती वाकून पाहत होतो. हे महाबळेश्वरला केलं असतं तर पाणी 95-96 लाच उकळलं असतं, असं बाबा म्हणाले.

झडप बसवली, रेझिस्टर बदलला, ऑइल आणि कूलंट नवं भरलं. रविवारी पहाटे साडेपाचला, कुडकुडायला लावणारी म्हणता येईल अशी मुंबईची थंडी असताना, इंजिन चालू केलं. बाबांचा हात पुन्हा वरच्या पाईपवर. गार. ॲपवर 60, अजून गार. 75, गार. 89 ला त्यांनी हात पटकन मागे घेतला.

"आला," म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.