साग वाढेना म्हणून खत मागणारे काका

घाटंजीकडच्या एका काकांनी बोलावलं होतं. साग बारा-तेरा वर्षांचा झाला तरी जाड व्हायचं नाव घेत नाही, कुठलं खत टाकू म्हणत होते. मी वनीकरणाच्या कामात आहे, असे फोन नेहमीच येतात, पण या प्लॉटवर गेलो आणि बघतच राहिलो. लागवड दोन बाय दोन मीटरवर, म्हणजे हेक्टरी 2500 झाडं, आणि आजवर एकही काढलेलं नाही. आत सगळ्या नुसत्या बल्ल्या, शेंड्याला थोडीशी पानं. बांधावरची झाडं मात्र दणकट. तीच जमीन, तीच रोपं, फक्त एका बाजूनं ऊन मिळालेलं. खताचा प्रश्न खरं तर तिथंच संपला होता.

विरळणी करा, म्हणजे मधली काही झाडं कापून उरलेल्यांना जागा द्या म्हटलं, तर काकांना पटेना. "सायेब, झाडं जास्त तं पैसा जास्त, अर्धी कापून माह्या हाती काय राहीन?"

मधल्या ओळीत वादळानं मोडलेलं एक झाड पडून होतं. बुडाकडून करवतीनं चकती काढली आणि ओल्या फडक्यानं पुसली, सागात वर्षाचं कडं साध्या डोळ्यांनी दिसतं ना. आतली पाच-सहा कडी चांगली रुंद, त्यानंतर एकदम बारीक, शेवटची तर एकमेकांना चिकटल्यासारखी. काका उकिडवे बसून बोटानं मोजत होते आणि मोजता मोजता थांबले, म्हणाले, "ह्या साली वरचे शेंडे एकमेकाले भिडले होते." अगदी बरोबर! सागाला डोक्यावर ऊन लागतंच, गर्दीत तो नुसता उंच पळतो, खोड भरत नाही, आणि बाजारात भाव ठरतो तो गोलाईवर.

त्याच झाडाच्या वरच्या तुकड्यात काळी गाठ निघाली. फांदी कुऱ्हाडीनं तोडून वीतभर खुंटी ठेवलेली, ती वाळली आणि खोड तिच्याभोवती वाढत गेलं. फळी कापली की अशी गाठ सुटून पडते. म्हणून फांदी बारीक असतानाच काढायची, करवतीनं, बुडाशी जो फुगवटा असतो त्याच्या लगेच बाहेर, आणि झाडाच्या खालच्या अर्ध्या उंचीच्या वर हात लावायचा नाही, नाहीतर पानं कमी होऊन वाढच बसते.

मग मार्किंग केलं. आधी ठेवायची झाडं ठरवली: सरळ, एकखोडी, शेंडा भरलेला, त्यांना पांढरा पट्टा. त्यांच्या शेंड्याला जे दाबतंय त्याला लाल. भांडण झालं ते जाड दुबेळक्यांवर. काकांचा जीव तिथंच अडकलेला, जाड आहे ना! पण दोन हातांच्या उंचीवरच दोन फाटे असले की लांब ओंडका निघत नाही, आणि शेजारची चार सरळ झाडं ते दाबून टाकतं. बरीच वादावादी झाली, शेवटी ब्रश काकांनीच घेतला. एकाला मात्र लाल लावू दिला नाही, बांधालगत होतं, कुणाच्या आड येत नव्हतं, मीही सोडून दिलं.

साग स्वतःच्या शेतातला असला तरी महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते, माल हलवायला पास लागतो, तेव्हा अर्ज तिथंच बसून लिहून घेतला. विरळणी झाली की अंगावर ऊन पडून खोडावर पानसोट, म्हणजे नको असलेले कोंब, फुटतील, ते कोवळे असतानाच खुडायचे, हे काकांना दोनदा सांगितलं. आणि काही वर्षांनी पुन्हा विरळणी करावी लागणार, हेही.