सारखीच चूक

आठवीत शेजाऱ्याच्या वहीतून गणितं उतरवली होती. दोघांची चार बरोबर, पाचवं चुकलेलं. सरांनी बरोबर गणितांकडे पाहिलंसुद्धा नाही. "उत्तर बरोबर असेल तर ते सारखंच येणार. पण हातचा एक दोघेही नेमका इथेच विसरलात?" उरलेला तास आम्ही उभे.

पुढे वकील झालो, पण कोर्टापेक्षा सरकारी खरेदीच्या फायलींतच आयुष्य गेलं. पहिल्याच तपासात तीन पुरवठादारांची दरपत्रकं समोर आली. लेटरहेड वेगळी, सह्या वेगळ्या, दर वेगळे. पण तिन्हींत अट क्रमांक तीननंतर थेट पाच! चार कुणालाच आठवला नव्हता. मला सर आठवले.

शाळेच्या ग्रंथालयातल्या लॉग टेबलची (मोठे गुणाकार-भागाकार सोपे करणाऱ्या कोष्टकांच्या पुस्तकाची) सुरुवातीची पानं, म्हणजे एकने सुरू होणाऱ्या आकड्यांची, मळकट होती. मला वाटायचं, मुलं सुरुवात करतात आणि सोडून देतात. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनी हेच १८८१ मध्ये टिपलं होतं, हे नोकरीत कळलं. १९३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी वीस हजारांवर आकडे तपासले: कितीतरी प्रकारच्या आकडेवारीत सुमारे ३० टक्के आकडे एकने सुरू होतात, नऊने जेमतेम पाच टक्के. मंजुरीच्या मर्यादेत बसवायला कामाचे तुकडे पाडले, की बिलं त्या मर्यादेच्या जरा खाली दाटीवाटीने बसतात आणि हे प्रमाण बिघडतं.

मात्र त्यावरून फक्त कुठे बघायचं ते कळतं. एकदा अशीच दाटी पाहून मी एका लिपिकाला कारणे दाखवा नोटीस काढायला लावली. दर कराराने ठरलेला होता, त्यामुळे प्रत्येक बिल तेवढंच येणार होतं. करार त्याच फायलीत, मागच्या बाजूला टाचलेला. मी तिथवर पानं उलटलीच नव्हती. उत्तर मान्य व्हायला पाच महिने लागले, तोवर त्यांची बढती अडकली. मी भेटून माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, चहा घेणार?" त्या चहाइतकं अवघडलेपण मला कुठल्याच उलटतपासणीत आलं नाही.

ते लॉग टेबल अजून माझ्याकडेच आहे. ग्रंथालयाचा शिक्का आहे, परतीची तारीख केव्हाच उलटली. या लेखासोबत पाठवतो आहे. दंड किती झाला तो कळवावा, पावतीसह.